लवकर म्हणजे कोणता वार?

माझी मुलगी आज माझ्या कुशीत झोपते, माझ्या हातची भाकरी खाते, ती आमच्या कामावरच्या आक्कामुळे. हे आधी लिहून टाकते. मागचं सांगायला बसले की मला घाबरायला होतं आणि मुख्य गोष्ट राहून जाते. काय झालं ते पुढं सांगतेच.

“कवय येशी? वार सांग.”

हे आक्काचं ठरलेलं. कवय येशी म्हणजे कधी येशील. ती खानदेशातली, तोंडात अहिराणी. आमच्याशी बोलताना त्यात निम्मी मराठी मिसळायची. आमच्यातलं कोणी जागेवरून उठलं की तिच्या हातातली कातर थांबायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि हा प्रश्न यायचा. ‘येते लवकर’ असं उत्तर तिला चालत नसे. “लवकर म्हणजे कोणता वार?”

इकडं गुजरातेत, लिंबायतमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं काम चालतं. भरतकामाच्या मशीनवरून साड्या येतात. वरून फुलं, वेली, मोर; उलटी करून पाहिली तर नुसते लोंबते धागे. ते कापायचे. फूल उसवता कामा नये आणि कापडाला भोक पडता कामा नये. आम्ही सात-आठ बायका सतरंजीवर बसतो, मध्ये साड्यांचा ढीग. आक्का खिडकीखाली बसायची. तिथं उजेड चांगला म्हणून, असं आम्हाला वाटायचं. नंतर कळलं की तिथून जिना दिसतो.

तिच्या प्रश्नातून कोणी सुटत नसे. शेठ बाजारात निघाला आणि “हमणां आवुं छुं” म्हणाला, म्हणजे आत्ता येतो म्हणाला, की आक्का विचारायची, “हमणां म्हणजे किती वाजता, शेठ?” बिचारा चपलेत पाय घालता घालता घड्याळ बघायचा आणि साडेचार सांगायचा. साड्यांची गाठोडी आणणारा टेम्पोवाला उत्तरेकडचा. तो तर इतका सरावला होता की माल टाकून जिना उतरताना स्वतःच ओरडायचा, “आक्का, शुक्रवार!” आणि आम्ही सगळ्या हसायचो.

आमच्यातल्या एकीच्या पोरीचं लग्न होतं डिंडोलीला. पाठवणीची वेळ, नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय, आजूबाजूच्या बायकाही पदर डोळ्याला लावून उभ्या. आक्का गर्दीतून पुढं गेली. नवरीची हनुवटी वर करून म्हणाली, “कवय येशी? वार सांग.” नवरीचं रडणं थांबलं. तिनं बोटांवर मोजलं. “पाचव्या दिवशी आणतील ना… म्हणजे शनिवार.” “मग रडतेस कशाला? शनिवार काय लांब आहे?” मांडवात हशा पिकला. नवरदेवसुद्धा हसला.

शेठनं दिलेलं एक गुजराती कॅलेंडर भिंतीवर होतं. आक्काला अक्षर वाचता येत नव्हतं, पण वारांचे रकाने तिला पाठ. कोणी गावी गेलं की ती कापलेल्या धाग्यांतून एक रंग निवडायची आणि परतीच्या दिवसावर डिंकानं चिकटवायची. लाल धागा शोभाचा, निळा सरूचा. माणूस परत आलं की धागा नखानं काढून टाकायची. उशीर झाला तर मात्र आल्या आल्या बोलणी. “गुरुवार बोलली व्हतीस. आज काय गुरुवार आहे?”

तुम्ही म्हणाल, बाई भारी चौकशीखोर. आम्हीही तेच म्हणायचो. शोभा तर तिला पाठीमागं रेल्वेची चौकशी खिडकी म्हणायची.

सोमवारी ती डबा उघडत नसे. सगळ्यांना वाटायचं महादेवाचा सोमवार धरते. मी एकदा तिला राजगिऱ्याचा लाडू दिला, तर म्हणाली, “ठेव. सांजच्याला खाईन.” आम्ही म्हणायचो, किती कडक पाळते!

मी तिथं नवी आले तेव्हा मला एक खोड होती. चार घास खाल्ले की डबा झाकून उठायचे, दुसऱ्यांचं काही आवरायला लागायचे. पहिल्याच आठवड्यात आक्कानं माझा हात धरून खाली बसवलं. “बस. इथनं तुले कोणी हाकलत नाही.” मी पुन्हा डबा उघडला. पण तिनं ते कसं ओळखलं, याचा विचार करत राहिले.

माझा नवरा बमरोलीला डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. दिवाळीनंतर भिवंडीला जास्त पगाराचं काम आहे म्हणून गेला. मी कामावर येऊन सगळ्यांना सांगितलं. आक्कानं विचारलं, “वार सांगितला का त्यानं?”

“नाही. लवकर येतो म्हणाला.”

 तिनं साडी उलटी केली आणि ती कापायला लागली. त्याच्या नावाचा धागा तिनं कॅलेंडरवर लावला नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. तीन महिन्यांनी कळलं की भिवंडीत त्यानं दुसरा संसार मांडलाय.

मुलगी आठ वर्षांची, मराठी शाळेत तिसरीला. शाळा दुपारी सुटायची आणि मी संध्याकाळी सातला घरी. एक दिवस गेले तर ती खोलीबाहेर पायरीवर झोपलेली. किल्ली मुठीत. कुलूप उघडताना हात पुरला नाही म्हणाली. शेजारच्या गाळ्यात कोण कोण माणसं येतात-जातात, तुम्हाला माहीत आहे वस्ती कशी असते. त्या रात्री मी ठरवलं, हिला भावाकडं ठेवायचं. मलकापूरजवळ माझं गाव. भावजय स्वभावानं बरी आहे. शाळेतून दाखला काढला, रविवारचं तिकीट काढलं आणि शनिवारी मुलीला घेऊनच कामावर गेले, बायकांचा निरोप घ्यायला.

“हिले कुठं नेतेस?” आक्कानं विचारलं.

“मामाकडं ठेवते. मी इथं जरा सावरले की…”

“आणायला कवय जाशी?”

“जाईन ना आक्का. लवकरच.”

कातर थांबली. चष्मा खाली आला.

“मले नको सांगू. तिले सांग. माझ्यादेखत सांग. वार सांग.”

मी मुलीकडं वळले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. कोणताही वार सांगता आला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं माझी आई आली. माझ्या आई-बापाचं पटेना तेव्हा आईनं मला अशीच मामाच्या दारात आणून सोडली होती. तिच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत माझे दोन फ्रॉक. “लवकर येते” म्हणाली आणि एसटीकडं चालू लागली. मामा-मामी वाईट नव्हते. पण त्या घरात मी कायम पाहुणी होते, आणि पाहुणीसारखं बसून खायचं नाही हेही मला कळत होतं. सातवीत शाळा सुटली. जेवताना कोणाचं ताट आधी उचलायला लागेल यावर एक डोळा असायचा, तो आजही असतो.

 सगळ्या बायकांच्या कातरी थांबल्या होत्या. 

तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “आई, कुठला पण म्हण.”

मी खाली बसले ती बसलेच. आक्कानं मुलीला जवळ ओढलं, तिच्या हातात रंगीत धाग्यांचा पुंजका दिला आणि मला म्हणाली, “तो दाखला शाळेत परत दे. शाळा सुटली की मी आणीन हिले. रोज.”

त्या दुपारी धागे कापता कापता, मान वर न करता, तिनं तिचं सांगितलं. तिची आई भांडून माहेरी गेलेली आणि तिकडंच वारलेली. ती सात वर्षांची असताना बापानं तिला मावशीकडं सोडलं, लवकर येतो म्हणाला. तिनं मावशीला विचारलं, लवकर म्हणजे कोणता वार? मावशी कामात होती. सुटका करून घ्यायला म्हणाली, “येईल बाजाराच्या वारी.” त्या गावचा बाजार सोमवारी. दर सोमवारी ही सकाळपासून ओट्यावर. जेवायला आत गेलं आणि तेवढ्यात गाडी आली तर?

“शेवटची गाडी जाईपर्यंत घास उतरायचा नाही,” ती म्हणाली. “मग तेच राहिलं. उपास-बिपास काही नाही व माय. महादेवाला फुकट श्रेय.”

शोभा हसली आणि मग हसता हसता उठून खिडकीशी गेली.

आक्काचं लग्न झालं होतं. नवरा ट्रकवर. तो निघाला की ही दारात उभी, वार सांग. एक दिवस उशीर झाला की घरात भांडण. सात-आठ वर्षं त्यानं सोसलं, मग वेगळा झाला. “त्याले वाटायचं मी संशय घेते. मी संशय नव्हते घेत. मले फक्त वार पाहिजे व्हता.” एवढं बोलून तिनं कापून झालेली साडी बाजूला टाकली आणि ढिगातली दुसरी ओढली.

दुसऱ्या दिवसापासून, नव्हे, सोमवारपासून ती शाळेच्या फाटकात उभी राहू लागली. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी. ऊन असो, पाऊस असो. बाईंनी एकदा विचारलं, तुम्ही हिच्या आजी का? ही म्हणाली, “नाही. मी आणणारी.” दोन वर्षांत ती एकदाही उशिरा पोचली नाही. मुलगी आमच्या साड्यांच्या ढिगाला टेकून अभ्यास करायची आणि आक्काला रकान्यांतले आकडे वाचून दाखवायची.

गेल्या हिवाळ्यात आक्काला खानदेशातून फोन आला. तिचा बाप जिवंत होता. रावेरच्या पुढं एका गावात, पुतण्याच्या पडवीत, अंथरुणाला खिळलेला. बघायला कोणी नाही. आम्ही सगळ्यांनी विरोध केला. शोभा म्हणाली, “ज्यानं तुला टाकलं त्याची सेवा करायला निघालीस? डोकं फिरलंय का तुझं?”

“सेवेले नाही चालली. त्याले एक विचारायचं आहे.”

“काय?”

“कोणत्या वारी येणार व्हतास ते.”

जाताना जिन्यात माझी मुलगी आडवी उभी राहिली. “आक्का, कवय येशी? वार सांग.” अगदी तिच्यासारखी मान वाकडी करून. आक्का हसली. इतकी वर्षं ती कुठंच गेली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तिनं बोटांवर मोजलं. “बुधवार.” मुलीनं पोपटी धागा निवडून बुधवारवर चिकटवला.

मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

“बुधवार जमत नाही गं. पोरीले सांग, मी खोटं नव्हते बोलले.”

“बरं आहे का तिकडं? विचारलंस का त्याला?”

“विचारायची गरज नाही पडली. तो मले मावशी समजतो. मी समोर बसले की म्हणतो, पोरीले सांभाळ, तिले म्हणावं मी सोमवारी येतो न्यायला.”

 “मग तू काय म्हणालीस?”

“सांगते म्हटलं.”

तिच्या मागं कोंबड्या ओरडत होत्या.

तो म्हातारा अजून आहे. ती अजून तिकडंच आहे. त्याला भरवते, पुसते, त्याची कूस बदलते, आणि तो रोज तिला तोच निरोप देतो. बुधवार किती झाले, मोजले नाहीत. शेठनं नवं कॅलेंडर दिलं. मुलीनं जुनं काढू दिलं नाही, म्हणून दोन्ही एकाच खिळ्याला आहेत. खिडकीखाली आता कोणी बसत नाही. आम्ही उठतो, जिना उतरतो, कोणी विचारत नाही. टेम्पोवाला मध्यंतरी सवयीनं ओरडला, “आक्का, शुक्रवार!” आणि तसाच पायरीवर थांबला.

मुलगी आता पाचवीत आहे. कुलपाला तिचा हात पुरतो. घरी एकटी येते आणि आल्यावर मला फोन करते.

सोमवारी मी आक्काला फोन लावते. “जेवलीस का?” “शेवटची गाडी जाऊ दे,” ती म्हणते. त्या गावाला कोणती गाडी, किती वाजता, हे मी आता तिच्याकडून पाठ करून घेतलं आहे.

मला तिचं फेडायचं आहे. आठ दिवस तिच्या जागी मी त्या म्हाताऱ्याजवळ बसेन, त्याचा निरोप मी ऐकून घेईन, आणि तिला इकडं मुलीबरोबर आमच्या खोलीवर पाठवीन. सुट्टी दिवाळीलाच मिळते आणि लाभपाचमीला, म्हणजे पाडव्यापासून पाचव्या दिवशी, परत हजर व्हावं लागतं; तेवढ्यात आठ दिवस बसतात की नाही, त्यामुळे यंदा जमेल की पुढच्या वर्षी, ते कळत नाही. म्हणून तिला अजून काही बोलले नाही. आम्ही येऊ लवकर, असं तिला कसं सांगणार?

पण आम्ही दोघी जाणार हे नक्की. तारीख ठरायची आहे, वार ठरला आहे. सोमवार. दुपारच्या गाडीनं उतरायचं, उजेड असताना, आणि डबा उघडून तिला आमच्याबरोबर जेवायला बसवायचं.