मौनाचा चौथा दिवस

हे लिहायला मला लई दिवस लागले. खंडोबाच्या कृपेचं लिहायला बसलो की आधी माझी चूक लिहावी लागते, आणि तिथं हात थांबतो. पण त्यानं दिलं तेवढं सांगायचं आणि आपण घालवलं ते झाकायचं, हा लबाडपणा झाला. म्हणून दोन्ही सांगतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. उभी हयात "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून ओरडण्यात गेली, त्यामुळं स्वभाव तापट आणि शिस्तीचं भलतं वेड. रिटायर झाल्यावर पाचोडच्या अलीकडं आमच्या गावी आलो आणि खंडोबाच्या देवळाची पूजाअर्चा अंगावर घेतली. देवळाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. गावातली माणसं, वरच्या तळ्यावरच्या वस्तीतली माणसं, मेंढरं घेऊन फिरणारी आमची भावकी, सगळी त्यात. रोज पूजा झाली की भंडारा वाहिलेल्या देवाचा फोटो आणि माझ्या आवाजात आरती टाकायची. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, वाचता येत नाही. पण आवाजाचा मेसेज तिला बरोबर लावता यायचा. मेंढरं कुठंही बसलेली असोत, आक्का सकाळी रेंज शोधून आरती ऐकायची आणि मगच चहा घ्यायची.

बाकीचे मात्र ग्रुपवर काय वाट्टेल ते टाकायचे. वाढदिवस, शेळी विकणे आहे, कुठल्या तरी मुलखातल्या पुराचे जुने व्हिडिओ. एकदा धरण फुटल्याची खोटी बातमी फिरली आणि बाया लेकरं काखोटीला मारून पळाल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं. पावसाळ्याच्या शेवटी मी सात दिवसांचं पारायण धरलं. नेम असा, की पोथीशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. आपल्या मागं ग्रुपवर घाण नको म्हणून मी त्याला कुलूप घातलं, ॲडमिनशिवाय कुणालाच मेसेज टाकता येऊ नये असं केलं. ॲडमिन मी एकटाच. दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता ना! मग फोन बंद केला, फडक्यात बांधला आणि देवाच्या पेटीत ठेवून दिला. मनात म्हणालो, देवा, तुझ्यासाठी सगळं जग बंद केलं बघ. काय तो रुबाब माझा!

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी मी वाचत असताना एक अनोळखी माणूस थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. पन्नाशीचा, अंगावरून पाणी निथळतंय, पायात चिखलानं भरलेले बूट. मी संतापलो. हातानंच बूट दाखवले, बाहेर हो म्हणून खुणावलं. तो हलेना.

"चाचा, ऊपर का तालाब फूट रहा," तो म्हणाला. "वस्तीवाले रामदास ने भेजा मेरे कू. तुमचा फोन बंद, ग्रुप बंद. नीचे वालों को बोलो जल्दी. उठो ना!"

मी लगेच उठलो नाही. अध्याय संपायला पाच-सहा ओव्या राहिल्या होत्या. खोटं कशाला लिहू, त्या ओव्या मी पुऱ्या केल्या. तो बिचारा हात जोडून उभा. शेवटची ओवी तोंडात असतानाच एकदम आठवलं की आक्काची आणि दाजींची पालं त्या तळ्याच्या खाली, ओढ्याच्या काठालाच आहेत. पेटीकडं धावलो.

फडक्याची गाठ सुटेना, दातांनी सोडली. फोन सुरू होईपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला. कुलूप काढलं आणि आवाजाच्या मेसेजात ओरडलो, "आक्का, तळं फुटलंय! मेंढरं ऱ्हाऊ द्या, माळावर पळा, समदे पळा!" मग देवळाचा भोंगा लावला. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडायला लागले. रामदासनं खचलेल्या बांधाचा फोटो टाकला, कुणी फरशी पुलावर पाय ठेवू नका म्हणालं, कुणी शाळा उघडलीय, म्हाताऱ्यांना तिकडं आणा म्हणालं. ज्यांची तोंडं मी बंद केली होती त्यांनीच त्या दुपारी गाव सांभाळलं. जवान पोरं मोटारसायकली घेऊन ओढ्याकडं सुटली, पण पाणी त्यांच्या आधी पोचलं.

ओढ्याकाठी चार पालं होती. त्यातली माणसं माळावर चढली आणि वाचली. दाजी तेवढे गेले. कोकरं कोंडलेली जाळी कापायला ते मागं वळले होते. दुसऱ्या दिवशी ते बाभळीत अडकलेले सापडले. हातात विळा तसाच होता.

पुढं रामदासनं सांगितलेल्या खुणेवरून मी त्या माणसाला शोधत शहरात, शहागंजच्या बाजारात गेलो. देवानंच कुणाला तरी पाठवलं, असं मला वाटत होतं. तिसऱ्या फेरीला सापडला. सुतळी-दोऱ्यांचं दुकान त्याचं, त्या दिवशी वस्तीवर माल द्यायला आला होता. पाया पडायला वाकलो तर त्यानं धरून वर उठवलं. म्हणाला, "मैं तो आगेच निकल गया था चाचा. अंदर दिया जलता दिखा, सोचा कोई तो होगा." पारायणाचा अखंड दिवा तो. मी तिथंच ओट्यावर बसून रडलो. माझ्या भक्तीत जे खोटं होतं ते मला कळलं होतंच. त्याच भक्तीतलं थोडं देवानं पदरात घेतलं, हेही कळलं. याला चमत्कार म्हणायचं का, ते मला नाही ठरवता येत.

आक्कासमोर जायची हिंमत मात्र होत नव्हती. दाजींच्या दहाव्याला गेलो. तीच आपणहून बोलली, डोळ्यांत पाणी नाही, आवाज चढलेला नाही.

"तीन दिस तुझी आरती आली नाय. चौथ्या दिशीबी नाय. मला वाटलं भाऊ आजारी पडला. म्हून भर दुपारी रेंज बघाया माळावर गेले. तितंच तुझा आवाज आला, तवा वरूनच आरडले. तू गप होतास म्हून मी वाचले." मग पदर सावरून म्हणाली, "अन् तू गप होतास म्हूनच हे गेले."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं उठवलं नाही, लोटलंही नाही. म्हणाली, "उद्या आरती टाक. वाट बघते."

आता ग्रुपला कुलूप नाही. रामदास ॲडमिन आहे, आक्काही आहे. शेळी विकणे आहे, वाढदिवस, सगळं येतं, येऊ दे. खोटी बातमी आली तर दोघा-तिघांना फोन करून खात्री करतो आणि तसं सांगतो. स्वतःला देवाच्या हवाली करायचं म्हणजे दार उघडं ठेवून बसायचं, एवढंच मला उमगलं, आणि तेही दाजींच्या जिवावर. माझ्यासारख्या उद्धट माणसाला त्यानं अजून दारात उभं राहू दिलं, हे उपकार फिटायचे नाहीत. पूर्वी मी पूजा उरकून मग फोन हातात घ्यायचो. आता उजाडताच आधी ग्रुपवर विचारतो, "समदे बरे हायत का?" मग आक्काचा आवाज येतो, एकच शब्द, "हाय." तो ऐकतो आणि मगच देवापुढं दिवा लावतो.