राणीचं डोहाळजेवण

आमच्या मामाचा हात पोटाला लागला की शेळीच्या आतलं पिल्लूसुद्धा सरळ हजेरी देतं. डॉक्टरचं मशीन खोटं पडंल, मामा न्हाई. लोक पार सेनगावहून जीपमधी शेळ्या घालून कनेरगाव नाक्याला येतात, मामा डोळे मिटतो, चाचपतो अन् निकाल देतो, “दोन हायेत. एक आडवं.” निघतात बी बराबर दोन.

त्यात मामाच्या पोरानं पुण्याहून काचंच्या पेटीत दाढीवाला परदेशी सरडा आणून ठेवला, होस्टेलवर चालत न्हाई म्हणून. मामी महिनाभर त्या खोलीत फिरकली न्हाई. मामानं मात्र त्याचं नाव राणी ठेवलं, खांद्यावर बसवून धाब्यावर चहाला न्यायला लागला. गोठ्यामागं गावची कुत्री घाण करतात, तिथले ताजे भुंगे वेचून रोज सकाळी आपल्या हातानं भरवायचा. एक दिवस राणीचं पोट फुगलेलं दिसलं. मामानं चाचपलं. “गाभण हाय.” मी म्हणलं, मामा, नर कुठंय? तर म्हणे, “पुण्याला झालं असंल काहीतरी. शहर हाय.”

हे ऐकून मामीच विरघळली. राणीला पाटावर बसवलं, शेवंतीची वेणी घातली, पाच बायांनी ओटी भरली. मग कातडीखाली गाठ आली; मामा म्हणे, पिल्लाचं डोकं. पण राणीनं खाणंच सोडलं, तवा आमी तिला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं गाठीला बारीक चिरा दिला. आतून तांदळाएवढी पांढरी अळी वळवळत बाहेर आली. मग दुसरी. मग मोजायची हिंमतच झाली न्हाई. डॉक्टर म्हणाले, ही चपट्या जंताची पिल्लं, पोट भरलंय ह्यांनी. मोठा जंत कुत्र्याच्या पोटात असतो. कुत्र्याच्या घाणीतून किड्यात जातो, किड्यातून हिच्यात. काय चारता हिला?

मामानं आपल्या हाताकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, “म्हंजे म्याच भरवले.”

निघाल्या तेवढ्या अळ्या डॉक्टरनं काढल्या, टाके घातले. पोटातल्या सगळ्या निघणार नाहीत, म्हणाले. मामानं त्याच दिवशी राणीसाठी घरातच, पत्र्याच्या डब्यात, कोंडा टाकून रातकिडे पाळायला घेतले. त्यांच्या किरकिरीपायी मामी शेजारी झोपायला जायची. राणी दोन महिने जगली, आन एका दुपारी मामाच्या खांद्यावरच तिनं मान टाकली.

परवा गेलो तर मामा डब्यात कोंडा टाकून राहिला होता. म्हणलं, मामा, आता काहून?

“त्यायनं काय केलं?” मामा म्हणाला. “उपाशी ठिवू का त्यायला?”