मनगटरावाचा चौथा बोल्ट

गाड्यांच्या मागे ट्रेलरचे हूक बसवणाऱ्या त्या फिटरला सगळं गॅरेज 'मनगटराव' म्हणायचं. चेष्टेने. त्याला मात्र ती पदवी वाटायची! "बोल्ट किती आवळायचा ते हाताला कळतं," हे त्याचं एकुलतं एक वेदवाक्य. मालकाने हौसेने टॉर्कचा पाना आणला, हवा तेवढा जोर लागला की 'कट्' करून सांगणारा. या शहाण्याने त्याचं नाव 'थर्मामीटर' ठेवलं, गंजलेले नट उचकटायला वापरून वापरून त्याची पार वाट लावली, आणि वर म्हणतो कसा, "बघा, खोटं दाखवतो!" असल्या माणसापुढे कोण डोकं फोडणार?

एक दिवस त्याची लेक गाडीला हूक बसवून घ्यायला आली. तिची रोपवाटिका होती. कुंड्यांनी भरलेला ट्रेलर ओढत तिला डोंगराखालच्या गावी जायचं होतं. वाटेत अंगावर येणारा उतार, आणि मागच्या सीटवर तिची पोर.

"बाबा, एवढंच करा, टॉर्क लावून आवळा," ती म्हणाली.

"आता तू शिकव मला!"

साध्या पान्यावर हातभर पाइप चढवून गडी त्याला लोंबकळायला लागला. तीन बोल्ट झाले. चौथ्याला पाना घट्ट होत होत एकाएकी मऊ पडला आणि लोण्यात फिरावा तसा फिरला. म्हणजे बोल्ट ताणला गेला, कामातून गेला, काढून फेकायचा. हे कळायला काही विद्वान असावं लागत नाही. आणि मनगटरावाला ते कळलं होतं हो! त्याच्या त्या थोर हाताने त्याला स्वच्छ सांगितलं होतं. पण चार माणसं बघत उभी होती ना. पाइप काढला, हात झटकले आणि म्हणाला, "जा, आता हत्ती ओढ!"

लेक ट्रेलर जोडून निघाली. 'थांब, चुकलं' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडाला जणू खीळ बसली होती. त्याऐवजी पठ्ठ्याने एक नवा बोल्ट खिशात टाकला, स्कूटर काढली आणि ट्रेलरच्या मागे लागला. भीती वाटत होती, ते काही खोटं नाही. पण भर गॅरेजात नाक खाली करायची भीती त्याहून मोठी! सारखा हॉर्न वाजवत होता, आणि नात बिचारी मागच्या काचेतून आजोबांना टाटा करत होती.

उताराच्या तोंडाशी लेकीने गाडी बाजूला घेतली. "काय झालं, बाबा?"

"कुठे काय? सहज आलो. म्हटलं, हल्ली बोल्टांचा काही भरवसा नाही. कंपन्या चोर झाल्यात." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मग हळूच खिशातून नवा बोल्ट काढला.

लेकीने बोल्टाकडे पाहिलं, मग बापाकडे. "हा निघतानाच घेतलात?"

"असावा आपला जवळ."

"म्हणजे गॅरेजातच माहीत होतं तुम्हाला."

तो वाकून हूक चाचपायला लागला.

"तुमची नात आहे आत, बाबा."

"अगं, मालच हलका, त्याला मी काय करू? सरक, आत्ता बसवून देतो." पडलो तरी नाक वर!

"हात लावू नका."

तिने ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, गाडी सोडवून घेतली आणि दुसऱ्या गॅरेजला फोन लावला. चार नवे बोल्ट आणि टॉर्कचा पाना घेऊन या म्हणाली. मनगटराव बोल्ट हातात धरून शेजारीच उभा होता. पलीकडच्याने काहीतरी विचारलं.

"नाही हो, इथे फिटर कोणी नाही," लेक म्हणाली. "माझे वडील आहेत फक्त."