मीठ पिकतं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या मुलाचा, प्रशांतचा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं, येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेल्या गालाची दाढी पूर्ण केली. मग ब्लेड धुऊन, पुसून जागेवर ठेवलं. ही स्वयंपाकघरातून "कुणाचा फोन?" म्हणून विचारत होती. तिला सांगितलं तर ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. मला रडू आलं नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा नाही, कुंडलिकेच्या काठी त्याला पोचवून आलो तेव्हा नाही, आणि आज सहा आठवडे होत आले तरी नाही. लोक म्हणाले, सर धीराचे आहेत. धीर कसला डोंबलाचा... आत काही हललंच नाही, तर धीर लागतो कशाला? भूल दिलेल्या दातासारखं झालं आहे. जीभ लावून बघतो, दात जागेवर आहे, पण आपला वाटत नाही.

आमची ओळख पेणच्या बोर्डिंगातली, आठवीपासूनची. मी गागोद्याकडच्या एका खेड्यातला, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला. दत्ता वडखळच्या पलीकडचा, खाडीकाठच्या खारेपाटातला. त्याचे आईबाप मिठागरात कामाला. दोघे एकाच दिवशी आपापली पत्र्याची ट्रंक घेऊन दाखल झालो आणि ट्रंका शेजारी लागल्या म्हणून दोस्ती झाली, याहून थोर कारण काही नाही. पहिल्याच दुपारी मी पाणी प्यायलो आणि तांब्यात उरलेलं खिडकीतून फेकायला निघालो, तर त्यानं माझं मनगट धरलं. "पानी फेकतस? तुमच्या घरात नदी हाय वाटतं." त्याच्या गावात प्यायचं पाणी बायांच्या डोक्यावरून दूरवरून यायचं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी उरलेलं पाणी निमूट पिऊन टाकलं. पुढे आयुष्यभर त्याच्यासमोर मी पेल्यात पाणी ठेवायची हिंमत केली नाही.

बोर्डिंगात चार गट होते, चार नद्यांच्या नावांचे. अंबा, कुंडलिका, पाताळगंगा आणि आमचा भोगावती. वळकट्यांची रांग, ट्रंकांची रांग, खो-खो, भाजीचे वाफे, वक्तृत्व, जिथे तिथे गुण, आणि वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त त्या गटाला फिरती ढाल. ती आमच्याकडे कधी फिरकलीच नव्हती. "सगळ्यांना ढाल, भोगावतीला गाळ," असं बाकीची पोरं आम्हाला चिडवायची. संध्याकाळी प्रार्थनेआधी आमचे रेक्टर, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो, हजेरी घेत. उत्तर "हजर" असंच द्यायचं, असा नियम. दत्ता "हाय" म्हणायचा. "हाय म्हणजे काय रे? निदान आहे तरी म्हण," गुरुजी एकदा वैतागून म्हणाले. दत्ता नम्रपणे उभा राहिला. "व्हय गुरुजी. आहे हाय." सगळा हॉल हसला, गुरुजीही वहीआड हसले. घरी मीसुद्धा हाय-नायच बोलायचो. पण पेणला आल्यावर महिन्याभरात मी ते ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि वर शुद्ध मराठीची इस्त्रीची घडी ठेवली. दत्ताला ते कधी जमलं नाही. जमलं नाही, की त्यानं जमवलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

भोगावतीचं नशीब पालटलं ते त्याच्यामुळे. मिठागरात पाण्याला वळण लावायला शिकलेला मुलगा तो. त्यानं हातपाय धुण्याच्या जागेपासून आमच्या वाफ्यांपर्यंत एक चर काढला, पायांनी तुडवून तुडवून बांध पक्के केले आणि चौसष्ट मुलांनी हातपाय धुतलेलं पाणी आमच्या माठाला आणि मुळ्याला आणून सोडलं. उन्हं चढल्यावर बाकीच्यांच्या वाफ्यांना भेगा पडल्या, आमचे हिरवेगार. पाहायला आलेल्या पाहुण्यांनी वाफ्यांसमोर माझी पाठ थोपटली, कारण दहावीच्या त्या वर्षी गटप्रमुख मी होतो. मीही थोपटून घेतली. शेवटी एकट्या वक्तृत्वाची स्पर्धा उरली, आणि आम्ही आणि कुंडलिका गुणांत अगदी बरोबरीला आलो. म्हणजे त्या पाच मिनिटांवर ढाल ठरणार होती.

विषय होता "माझा गाव". गटातून एकानंच बोलायचं. दत्तानं आपणहून नाव दिलं होतं आणि वहीची दोन पानं भरून भाषण लिहिलं होतं. ते मी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून वाचलं. मिठागरात अनवाणी उभी राहून लाकडी फळीनं मीठ ओढणारी त्याची आई त्यात होती. "मीठ पिकतं तवा माझ्या आयसच्या पायांना भेगा पडतात, आनि त्या भेगांत तेच मीठ जातं. ती बोलते, आपलं मीठ आपल्यालाच लागनार, दुसऱ्याच्या घरात ते गोड लागतं." तीस वर्षं मराठीचा मास्तर म्हणून काढल्यावर सांगतो, असं वाक्य मला स्वतःला एकदाही लिहिता आलेलं नाही. तेव्हा मात्र मी पेन्सिल काढली. आयसची आई केली, तवाचं तेव्हा केलं, आणि "पिकतं"वर येऊन थांबलो. "मीठ काय भात आहे पिकायला? मीठ तयार होतं म्हण." बाकी सगळं मुकाट करू देणारा दत्ता तिथे अडला. "मीठ पिकतंच. पानी आटून वर खडा दिसला का आयस शेजारनीला हाक मारते, पिकलं गो बाय. तयार व्हायला ते काय बिस्कुट हाय?"

तालमीत त्यानं भाषण म्हणून दाखवलं. दुरुस्त केलेले सगळे शब्द बोलताना आपापल्या मूळ जागी परत आले. हाय आला, नाय आला, आयस आली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला चराजवळ गाठलं. म्हणालो, "लिहिलंस फार छान. पण बोलायला मी जातो. गटाचा प्रश्न आहे." तो पायानं बांधावरची माती दाबत होता. दाबायचं थांबला नाही. "जा ना," म्हणाला. "ढाल आली म्हंजे झालं." मग एवढंच, "तेवढं पिकतं ऱ्हाऊ दे, सदा." मी शब्द दिला. खरंच दिला, तोंडदेखला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर उभा राहिलो. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचे परीक्षक बसलेले. भाषण पाठ होतं, सुरेख चाललं होतं. त्या वाक्यापाशी आलो, परीक्षकांच्या चष्म्याकडे नजर गेली, आणि माझ्या तोंडून स्वच्छ, ठणठणीत आवाजात निघालं, "मीठ तयार होते, तेव्हा माझ्या आईच्या पायांना भेगा पडतात." टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात दत्ता वाजवत होता. ढाल भोगावतीकडे आली, आणि वक्तृत्वाच्या विजेत्यांच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव चढलं.

बक्षीस समारंभाला माझी आई आली होती, जन्मात मिठागर न पाहिलेली. एका परीक्षकांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "माऊली, तुमच्या पायांना आमचा नमस्कार." आई बावचळून माझ्याकडे आली. "मी रं कवा गेलेले मिठागरात? काय सांगून ठेवलंस लोकांना?" शेजारी दत्ता होता. तो म्हणाला, "काकी, भाषनात सगल्यांची आयस एकच असते." आईला ते पटलं. तिनं पुरणपोळ्यांचा डबा काढून त्याच्या हातात दिला, आणि आम्ही दोघांनी त्या वाफ्याकडेला बसून खाल्ल्या.

पुढे मी शिकून रोह्यात मास्तर झालो. कुठेही सभा असो, सत्कार असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. आवाज कमावलेला, उच्चार खणखणीत. दत्ता धाटावला एका कंपनीत लागला आणि रोह्यातच घर केलं. तीन शिफ्टमध्ये त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर मी सकाळी फिरायला निघालो की त्याच्या कुंपणापाशी थांबून हाक मारायचो, "दत्ता, आहेस का?" आतून उत्तर यायचं, "हाय, हाय. जातो कुठं?" मग चपला ओढत तो बाहेर यायचा आणि आम्ही धाटाव रस्त्यानं निघायचो. फार बोलायचो असं नाही. त्याच्या भावाच्या वाट्याला थोडं मिठागर उरलं होतं, आणि दर मे महिन्यात दत्ता गावाहून खड्या मिठाची पिशवी आणायचा. आमच्या ओट्यावर ती ठेवायची, माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "घे. पिकलेलं हाय." दरवर्षी हेच, शब्दाचाही फरक नाही. मी हसायचो, तो हसायचा. त्या हसण्यात मला माफी मिळून गेली, असं मी धरून चाललो होतो. मागितली मात्र एकदाही नाही.

या मे महिन्यातही तो आला. पायऱ्या चढताना त्याला दम लागला होता, पिशवीही नेहमीपेक्षा लहान होती. "औंदा कमी पिकलं," म्हणाला. त्या क्षणी का कोण जाणे, ते सगळं माझ्या ओठांवर आलं. भाषण, फळा, परीक्षकांचा चष्मा... मी म्हणालो, "चहा टाकायला सांगू?" तो म्हणाला, "टाक." चहा झाला. दारापर्यंत पोचवायला गेलो, तर "बस तू, मी काय पाव्हना हाय?" म्हणून एकटाच गेला. त्यानंतर महिना झाला आणि प्रशांतचा फोन आला.

गेल्या पंधरवड्यात बोर्डिंगात शोकसभा झाली. एसटीनं पेणला गेलो. हॉल तोच, खाली आता फरशी घातली आहे. फळाही तोच, माझं नाव थोडं उडालेलं, पण वाचता येत होतं. अर्थातच बोलायचा आग्रह मला झाला. मी उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं. त्या फळ्यावरचं नाव चुकीचं आहे. ते भाषण दत्ताचं होतं, आई त्याची होती, ढालही त्याची. मी फक्त आवाज काढला आणि त्यातही दिलेला शब्द मोडला. पन्नास वर्षं जे जमलं नाही ते दोन मिनिटांत उरकलं, आणि तेही आवाज जराही न कापता. सभा संपल्यावर नवे रेक्टर जवळ आले. "सर, मित्रासाठी स्वतःचं यशसुद्धा देऊन टाकलंत. केवढं हे मोठेपण." मी म्हणालो, अहो, मोठेपण कसलं, खरंच मी सांगितलं तसंच घडलं. ते आणखीनच गहिवरले. इतकी वर्षं छान बोलण्याचा धंदा केला, त्याची ही फळं.

बाहेर सुमनवहिनी, दत्ताची बायको, प्रशांतच्या गाडीपाशी उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. त्याच म्हणाल्या, "भाऊजी, ते आमाला माहीत हाय. लगीन झालं तवाच सांगितलेलं त्यांनी." मी विचारलं, "राग होता का त्याच्या मनात?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "राग नाय वो. बोलायचे, सदा एक दिस आपनहून सांगल. मीठ नेऊन दिलं का घरी येऊन बोलायचे, औंदा बी नाय बोलला." मग प्रशांतनं दार उघडलं आणि त्या गाडीत बसल्या.

ते ऐकल्यावर तरी काही होईल असं वाटलं होतं. एसटीत खिडकीपाशी बसलो, कंडक्टरकडून तिकीट घेतलं आणि नीट खिशात ठेवलं, वडखळ गेलं, नागोठणं गेलं. म्हणजे तो दरवर्षी मीठ घेऊन हसवायला येत नव्हता. तो मला संधी द्यायला येत होता, आणि मी दरवर्षी चहा पाजून त्याला परत पाठवत होतो. हे मला कळतं. कळतं, पण पोचत नाही. सकाळी फिरायला मी आता दुसऱ्या रस्त्यानं जातो, कारण तोंडाला वळण पडलं आहे आणि कुंपण आलं की हाक जाईल.

परवा ही स्वयंपाक करत होती. हात पिठात होते. तिनं आतून विचारलं, "अहो, डब्यातलं संपलंय. बरणीत मीठ आहे का बघा जरा." चिनीमातीची ती बरणी फळीवर असते, त्याच्या मिठासाठी ठेवलेली. मी ती खाली काढली आणि झाकण उघडलं. पावसाळी हवेनं मिठाला पाणी सुटलं होतं. वरचे खडे ओलसर झालेले, सगळे मिळून चार-सहा मुठीच शिल्लक. मी हात घातला. बोटाला दाढीच्या ब्लेडनं कापलेलं होतं, तिथे ते झोंबलं, चांगलंच झोंबलं. "काय हो, आहे का?" तिनं पुन्हा विचारलं. "हाय," मी म्हणालो. ती पिठाच्या हातांनी तशीच दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द तिनं माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता.