फोटोपुरता कॉम्प्युटर

"निळी ओढणी, इथं बस. हात कीबोर्डवर ठेव. काही दाबू नकोस."

सर असं म्हणाले आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची आज चीड येते. क्लास संपत आला होता आणि मी पहिल्यांदा खुर्चीवर बसत होते.

आम्ही सरकारी योजनेतल्या मुली. आमची फी सरकार भरायचं, तरी क्लासमध्ये आमचं नाव फुकटवाल्या. कॉम्प्युटर स्वतः फी भरणाऱ्यांना. आम्ही मागं, भिंतीला टेकून, सतरंजीवर. एचटीएमएल, म्हणजे वेबसाइटचं पान बनवायची भाषा, आम्ही वहीत शिकलो. सर फळ्यावर टॅग, म्हणजे कंसातल्या खुणा, लिहायचे, आम्ही उतरवायचो. उघडलेला टॅग बंद करायचा, एवढं पक्कं ठाऊक. घरी आईबरोबर विड्या वळताना मी टॅग पाढ्यांसारखे म्हणायचे. आई विचारायची, "मग येतंय व्हय गं तुला?" मी हो म्हणायचे.

एकदा मैंदर्गीची गौरी म्हणाली, "सर, आमी कवा बसायचं?"

"घरी कॉम्प्युटर आहे का? मग बसून काय करणार?"

वर्ग हसला. आम्हीपण हसलो.

त्या दिवशी योजनेच्या ऑफिसला फोटो पाठवायचा होता. फीवाल्यांना चहाला पाठवून आम्हाला त्यांच्या जागी बसवलं. फोटो निघाला. "चला, उठा." सगळ्या उठल्या. मी नाही उठले. समोर स्क्रीनवर नोटपॅड उघडं होतं. एकेक अक्षर शोधत टॅग टाइप केले, मधे माझं नाव घातलं, टॅग बंद केले. मग वाट बघत बसले. आता नाव मोठं, ठळक होईल. काहीच झालं नाही. कंस तसेच, नाव बारकंच.

"सर, पान दिसत न्हाय की."

"फाइल सेव्ह कोण करणार? ब्राउझरमध्ये कोण उघडणार? म्हणूनच यांना बसवत नाही."

चहा पिऊन आलेला मुलगा माझ्या खुर्चीमागं उभा होता. मी उठले. रडू आवरेना.

सेव्ह. ब्राउझर. हे शब्द आमच्या फळ्यावर कधी आलेच नव्हते. काठावर बसवून पोहायचं शिकवलं आणि बुडाली म्हणून वर नावं ठेवली. इतके दिवस मी स्वतःलाच मठ्ठ समजत होते.

उद्या सर्टिफिकेट आहे. त्याआधी सही करायची, प्रशिक्षण पूर्ण मिळालं म्हणून. गौरी म्हणते, "गप सही कर. कागद तरी मिळंल." तिचं खोटं नाही. त्या कागदावर कुठंतरी नोकरी लागेल अशी आईलाही आशा आहे. मला भीती वाटते.

तरी मी सही करणार नाही. सगळ्यांसमोर सरांना सांगणार, मला पान उघडता येत नाही, कारण तुम्ही शिकवलं नाही. आधी शिकवा. नाही शिकवलंत तर तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा. माझं नाव त्याच्यावर येणार नाही.