आईच्या हातातलं लिंबू

लिंबाची साल नखानं खरवडली की मला अजून कापड्याहून महाडला जाणारी सकाळची एसटी आठवते. बाबांच्या माराला कंटाळून आई मला घेऊन माहेरी आली होती, पण माहेरच्या आणि बाबांच्या, दोन्ही गावांना गाडी तीच, त्यामुळे कोर्टाच्या तारखेला केस करणारी आई आणि ज्यांच्यावर केस ते बाबा एकाच गाडीत असायचे. वळणांवर मला उलटी व्हायची, म्हणून आई माझ्या नाकाशी लिंबू धरून बसायची. वकीलबाई तिला दर वेळी विचारायच्या, "मारताना कुणी पाहिलं का?" आणि आई मान खाली घालायची, कारण बाबा दार लावूनच मारायचे. त्या दिवशी पोलादपूर यायच्या आधीच बाबा आमच्या सीटपाशी आले. "केस मागं घे, नायतर पोरगी माझ्याकडं ठेवीन." आई म्हणाली, "ते जजसायबांना सांगा." बाबांनी हात उगारला. मी डोळे घट्ट मिटले. "मारा," आईचा आवाज गाडीभर घुमला. "घरात बघाय कोन नव्हता. हितं आख्खी एसटी बघतेय." मी डोळे उघडले तेव्हा सगळ्या माना आमच्याकडे वळल्या होत्या, आणि बाबांनी त्याच हातानं वरची दांडी धरली होती. महाड येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. आता त्याच वळणांवर मी माझ्या लेकीच्या नाकाशी लिंबू धरते, तेव्हा साध्या खड्ड्यालाही माझा हात हलतो. आईचं लिंबू त्या सगळ्यात माझ्या नाकापासून तसूभरही हललं नव्हतं.