सासऱ्यांनी मासळी सोडली तेव्हा

माझ्या सासऱ्यांना भेटून न हादरता परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः लग्नाला बारा वर्षं होऊनही दर भेटीत नव्याने हादरतो. ते सातपाटीचे तांडेल, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. वय त्रेसष्ट. भर वाऱ्यात खलाशांना ऐकू जावा असा आवाज त्यांनी कमावला आहे आणि आमच्या बोईसरच्या दोन खोल्यांत मीठ मागायलाही ते तोच वापरतात. एकदा त्यांनी मीठ मागितलं तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून धावत वर आली होती.

पण खरा हादरा बसला तो मागल्या वर्षीच्या होळीनंतर. त्यांच्या आळीची होळी सुपारीच्या झाडाची असते. शिरगावच्या वाडीतून ते लांबलचक ओलं झाड खांद्यावरून चालत आणायचं आणि होळीच्या जागेपर्यंत ते जमिनीला टेकू द्यायचं नाही, अशी रीत. पुढचा खांदा तीस वर्षं सासऱ्यांचा. त्या होळीला एका वळणावर त्यांचा गुडघा मुडपला, झाड पुढे कलंडलं आणि मागच्या पोरांनी कसंबसं सावरलं. आळीतल्या जाणत्यांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन, चहा पिऊन, खूप आडवळणाने सुचवलं की आता पुढचा खांदा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि एक होळी मागितली. "येत्या होलीला जार टेकलं, तर मी सोताहून बाजूला होतो. पन मला येक वरीस द्या." ते मागताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी ते पालघरच्या वैद्यबाईंकडे गेले आणि शरीर कमवायचं आहे म्हणाले. बाईंनी वयाकडे पाहून सौम्य उपाय सांगितले असावेत: दोन वेळा दुधातून अश्वगंधा, उडदाचे लाडू, अंगाला तिळाचं तेल आणि व्यायाम निम्म्याच ताकदीने, कपाळाला घाम आला की थांबायचं. आता होळीनंतरच्या उकाड्यात सातपाटीच्या किनाऱ्यावर माणसाच्या कपाळाला घाम येण्यासाठी नुसतं उभं राहणं पुरतं. सासरे पहिली बैठक मारायला वाकायचे, कपाळ पुसायचे आणि नियमाप्रमाणे थांबायचे. आठ दिवसांत एकही पुरी बैठक झाली नाही. मग त्यांना आठवलं की बोईसरच्या एका थंडगार जिममध्ये जावयाचं नाव आहे. मी वर्षाची फी भरून तिथे चार वेळा गेलो होतो. पाचव्या वेळेपासून माझ्या नावावर सासरे जाऊ लागले, तेही तेल चोळून. आमच्या सोफ्यावर त्यांच्या पाठीची आकृती उमटली ती अजून आहे. जिममधली कारखान्यातली पोरं त्यांचे दंड बघून डोळे विस्फारायची. एकाने विचारलंच, "चाचा, पावडर कौन सा लेते हो?" सासऱ्यांनी खिशातून लाडू काढला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "उडीद."

इथवर सगळं मजेचं होतं. श्रावण संपल्यावर एका रविवारी आम्ही सातपाटीला गेलो आणि सासऱ्यांच्या ताटात मुगाची आमटी पाहिली. घरात कुणी गेलं की काय, असंच मला वाटलं. माझी बायको ओरडली, "बाबा, हे काय?"

"दूद पितो ना मी. वैद्यीनबाय बोलल्या, दूद आनि मासली येका वक्ताला नाय चालत."

"मग वेगवेगळ्या वेळी खा!"

"सकाली दूद, सांजला दूद. पोट रिकामं कवा होनार? सोडली मी मासली."

सातपाटीचा तांडेल हे वाक्य बोलला आणि वर आमटी ओरपू लागला. सासूबाई मात्र शांत होत्या, आणि ते जास्त भीतीदायक होतं. त्या चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकतात. बातमी त्यांच्याआधी बाजारात पोचली होती. नेहमीची गिऱ्हाइकं पापलेट उलटसुलट करून विचारू लागली, "तुमचे मालक खात नाहीत म्हणे? काही आहे का यात?" सासूबाई शेवटी स्वतः वैद्यबाईंकडे जाऊन आल्या. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या की मी फक्त दोन्ही एका जेवणात नको म्हटलं होतं, दुपारी खुशाल खा. पण सासरे हट्टाला पेटले होते. होळीपर्यंत सोडली म्हणजे सोडली. "यानी माज्या टोपलीची लाज कारली," सासूबाई मला म्हणाल्या आणि सुरमईचा तुकडा माझ्या ताटात जरा जोरातच आदळला.

होळीला मी मुद्दाम रजा घेऊन शिरगावला गेलो. सासऱ्यांनी झाड उचललं तेव्हा आळीची पोरं शिट्ट्या मारू लागली. खरंच, वर्षभरात खांदा भरला होता, चाल ताठ होती. बायका गाणी म्हणत बाजूने चालत होत्या. मागल्या वर्षीचं वळण त्यांनी सहज पार केलं आणि मी टाळ्या वाजवल्या. सातपाटीच्या वेशीशी आलो आणि त्यांचे पाय थरथरायला लागले. खांदा कमावला होता हो, गुडघा तोच होता. झाड हातभर खाली आलं. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, आणि पुढे जाऊन सावरायला कुणाला धीर झाला नाही, कारण त्या जागी हात घालणं म्हणजे त्यांना हरवणं.

तेवढ्यात बायकांमधून सासूबाई पुढे आल्या. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वाकल्या आणि झाडाच्या टोकाखाली डोकं घालून सरळ उभ्या राहिल्या. रोज टोपली उचलतात तशा. गाणं थांबलं. होळीच्या झाडाखाली बाईमाणूस कधी कुणी पाहिलं नव्हतं. जाणते एकमेकांकडे बघत राहिले. "चला की! का बगता?" त्या म्हणाल्या. आणि झाड चाललं. पुढे सासूबाई, त्यांच्या मागे एक हात झाडाला लावून सासरे. झाड कुठेही टेकलं नाही. त्यावर जाणते आजवर काहीही बोललेले नाहीत.

घरी आल्यावर सासरे ओट्यावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "मान दुकते का तुजी?"

"दुकते."

"कवापासून?"

"लगीन झाल्यापासून."

सासरे उठून आत गेले. मला वाटलं रागावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातपाटीने आणखी एक धक्का खाल्ला. मासळीची टोपली खांद्यावर घेऊन तांडेल एसटीच्या थांब्याकडे चालले होते आणि सासूबाई मोकळ्या हातांनी मागून येत होत्या. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. तेव्हापासून ते रोज टोपली थांब्यापर्यंत नेतात. अलीकडे थकतात, वाटेत दोनदा बसतात. सुट्टीला मी बरोबर असलो की टोपली मागतो, पण ते मला देत नाहीत.